काकूंच्या मागची रांग

परवा फोनवर एक जाहिरात आली. ‘आगामी कार्यक्रम. कथा आणि विश्वसंगीत. दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला.’ खाली पाहुण्यांची नावं होती. पहिल्या शनिवारी गोष्ट सांगायला भोपाळच्या एक बाई, दुसऱ्या शनिवारी आर्मेनियाचा एक वादक. या वादकाचं नाव मात्र कुठेच छापलेलं नव्हतं. नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘लाकूड : जर्दाळूचं.’

अमरावतीच्या माझ्या स्वयंपाकघरात मी एकटीच हसत सुटले. नवऱ्याच्या बदलीमुळे नागपूर सुटलं त्याला बराच काळ झाला, पण ही जाहिरात कोणी सांगून लिहून घेतली हे कळायला सहीची गरज नव्हती. काकाजी खुशाल होते.

सगळं लकडगंज त्यांना काकाजीच म्हणायचं. बँकेचा मॅनेजरही, आणि वयाने त्यांच्याहून मोठे असलेले शेजारचे किराणावालेसुद्धा. त्यांची आरामशीन होती, म्हणजे लाकूड चिरायचा कारखाना. सारी उमर त्यांनी त्या फिरत्या पात्यापाशी उभं राहून ओंडके चिरले. साठी उलटल्यावर एक दिवस मशीन बंद केलं, भुसा झाडून काढला, पत्र्याच्या शेडमध्ये उरलेल्या फळ्यांचा मंच ठोकला आणि देशोदेशीचं संगीत आणि गोष्टी लोकांना ऐकवायला सुरुवात केली. हे डोक्यात कुठून आलं, असं विचारलं की म्हणायचे, “जिंदगीभर लाकूड कापलं. आता त्याच्यातून आवाज कसा निघते ते पाहू म्हटलं.”

यात एकच अडचण होती. काकाजींना ऐकू येत नव्हतं.

उजवा कान मशीनच्या बाजूचा, तो पार गेलेला. डाव्यात थोडी धुगधुगी होती. त्यात कोणी तोंड घालून बोललं तर पोचायचं. पण हे त्यांना स्वतःला कबूल नव्हतं. “आजकाल लोकच हळू बोलून राहिले,” असं त्यांचं मत होतं, आणि ते मत ते अशा आवाजात मांडायचे की रस्त्यावरचा रिक्षावाला मागे वळून बघायचा.

माझी त्यांची ओळख झाली तीही या आवाजामुळेच. मी धरमपेठेतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. धरमपेठेतला माणूस लकडगंजात जातो तो पलंग करून घ्यायचा असेल तेव्हा. संगीत ऐकायला कोणी जात नाही. तर एके दुपारी शाळेच्या ऑफिसात आरडाओरडा ऐकू आला. कोणा पालकाचं भांडण असेल म्हणून मी डोकावले. एक उंच, हाडकुळे गृहस्थ उभे होते, शर्टाच्या खिशात सुतारी पेन्सिल, हातात मोजायचा टेप. ते भांडत नव्हते. ते चौकशी करत होते.

“पोरी, तू इंग्रजीवाली का?” त्यांनी मला विचारलं.

“हो. शिकवते मी इंग्रजी.”

हे मला त्यांच्या डाव्या कानात दोनदा सांगावं लागलं.

“ते नाही पुसलं. बोलता येते का?”

माझ्या सगळ्या नोकरीत असा थेट प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पुढच्या शनिवारी मी आरामशीनवर हजर झाले ती बाहेरच्या पाहुण्यांशी मंचाखालच्या बोलण्यापुरती दुभाषी म्हणून, आणि मग नागपूर सुटेपर्यंत जातच राहिले.

एवढे परदेशी पाहुणे ते आणायचे कुठून, हे कोडं मला सुरुवातीला पडलं होतं. काकाजींचा हिशोब सरळ होता. नागपूर देशाच्या मधोमध आहे. मुंबईहून कलकत्त्याला किंवा दिल्लीहून मद्रासला जाणारा प्रत्येक कलावंत इथून जातोच, फक्त उतरत नाही. त्याला उतरवायचं, एवढंच काम. घरी मुक्काम, काकूंच्या हातचं जेवण, निघताना संत्रा बर्फीचा डबा. गाडीतून किंवा विमानातून जाणारे लोक या आमिषाला कसे काय भुलायचे कोण जाणे, पण भुलायचे. एक नॉर्वेचा व्हायोलिनवाला तर दुसऱ्या वर्षी आपणहून उतरला.

जागेला त्यांनी एक भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, त्यांच्याही नाही. दारावर जुनीच पाटी होती, कारण ती अस्सल सागवानाची होती आणि चांगलं लाकूड उतरवायला त्यांचं मन होईना. त्यामुळे ‘इमारती लाकूड चिरून मिळेल’ या अक्षरांखालून आम्ही सगळे रसिक आत जायचो. बसायला चिरलेले ओंडके, वर गाद्या. एका कोपऱ्यात मशीनचं ते भलंमोठं चाक तसंच उभं होतं आणि त्याच्यावर पाहुण्यांचे कोट टांगलेले असायचे.

मंचावर काकाजी पहिल्यांदा यायचे ते पुढच्या शनिवारचा कार्यक्रम सांगायला. आजच्या कार्यक्रमाबद्दल अवाक्षर नाही. एकदा मी त्यांना त्याबद्दल छेडलं, तर माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, “आजचा त होऊनच राहिला न वं. त्याचं काय सांगाचं?” माइक चालू आहे की नाही हे त्यांना ऐकून कळायचं नाही, म्हणून ते त्यावर टिचक्या मारत बसायचे. तो किंचाळायला लागला की आम्ही कानात बोटं घालायचो. आमची बोटं कानात गेली म्हणजे माइक चालू आहे, हे त्यांना समजायचं.

मग ते येणाऱ्या पाहुण्याची ओळख करून द्यायचे, ती त्याच्या लाकडावरून. “पुढच्या शनिवारी इराणचा माणूस येऊन राहिला. तुतीचं लाकूड आहे. हलकं राहते, पण धोका देत नाही.” माणसाचं नाव विचाराल तर ‘ते तुतीवाले’. त्याच चालीवर एक ‘अक्रोडवाले’ होते, एक ‘देवदारवाल्या बाई’ होत्या. पाहुणा दारातून आत आला की हातपाय धुवायच्या आधी त्याचं वाद्य काकाजींच्या हातात जायचं. ते त्यावर बोटाच्या पेरांनी ठोकायचे, नखाने हळूच दाबायचे, नाकाशी धरून वास घ्यायचे. बिचारा पाहुणा घामाघूम. शेवटी निकाल लागायचा. “सागवान नाही. पण ठीक आहे.” हे त्यांच्याकडचं बरं प्रशस्तिपत्र होतं. एकदा पश्चिम आफ्रिकेतून एक कलावंत आले, त्यांचं वाद्य काकाजींनी पुढून ठोकलं, मागून ठोकलं, आणि चेहरा पडला. “बापा, हा त भोपळा आहे!” भोपळाच होता. संध्याकाळभर ते जरा हिरमुसलेले होते.

उन्हाळ्यात पत्रे असे तापायचे की मंचामागे एक मोठा कूलर लावावा लागे. त्याची घरघर काकाजींच्या गावीही नव्हती. तो नॉर्वेवाला पहिल्या खेपेला म्हणाला, वाजवताना हे यंत्र बंद ठेवा. मी निरोप कानात सांगितला.

“मे महिन्यात कूलर बंद? कोण्या देशाचा आहे हा?”

“नॉर्वेचा.”

“मंग त्याले माहीत नाही,” म्हणाले, पण पाहुण्याचा मान म्हणून बंद केला. नॉर्वेवाल्याने दोन धून वाजवल्या, मग स्वतःच उठून कूलर लावला आणि उरलेला कार्यक्रम त्याच्याकडे तोंड करून सादर केला.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण काकूंशिवाय काकाजी अर्धेच होते. ठेंगण्या, गोऱ्या, नऊवारीतल्या. पहिल्या रांगेत काकाजींच्या डाव्या हाताला बसायच्या. मंचावर काय चाललंय ते त्या नवऱ्याच्या डाव्या कानात सांगायच्या. काकाजींपर्यंत पोचायला आवाज बऱ्यापैकी मोठा लागायचा, त्यामुळे जे त्यांच्या कानात पडायचं ते मागच्या दोन रांगांच्याही कानात पडायचं.

माझ्या पहिल्या शनिवारी आयर्लंडचा एक कथेकरी आला होता. त्याने इंग्रजीत गोष्ट सांगितली. एका बेटावर दीपगृहाचा राखणदार एकटाच राहतो. त्याचा धाकटा भाऊ जहाजातून घरी यायला निघालाय. वादळात दिवा विझतो, जहाज खडकावर आपटतं आणि सकाळी भावाची टोपी वाहत किनाऱ्याला लागते. फार सुंदर सांगत होता. मी काकूंच्या मागेच बसले होते. पुढून मला ऐकू आलं ते असं :

“ऐका जी. एक लाइनमन राहते. गावाबाहेर, एकटाच. लाइट गेली नाही पाहिजे, एवढंच त्याचं काम.”

“मंग?”

“त्याचा भाऊ नावेत बसून येऊन राहिला. पवनीहून.”

‘लाइट’, ‘ब्रदर’, ‘बोट’ असे चार शब्द सोडले तर काकूंना इंग्रजी येत नव्हतं. त्या त्याच्या चेहऱ्याकडे आणि हातांकडे बघायच्या आणि बाकीचं स्वतः बघून घ्यायच्या. मंचावर वादळ सुरू झालं. काकूंनाही ते समजलं.

“लाइट गेली जी.”

“मंग भावाचं काय झालं?” काकाजींनी विचारलं. अख्ख्या शेडने ते ऐकलं. आयरिश माणसाला वाटलं, श्रोते पुरते गुंतलेत. त्याचे डोळे भरून आले.

“भावाचं काय होते? त्यानं हाक मारली. यानं आवाज ओळखला. दोघंबी घरी आले. घरी झुणका केला होता.”

“भाकर होती का?”

“होती न.”

मागच्या रांगांत इंग्रजी समजणारे लोक रुमालाने डोळे टिपत होते. काकूंच्या मागच्या दोन रांगा समाधानाने हसत होत्या. काकाजींनी मान वळवून सगळीकडे पाहिलं. “ते लोक काहून रडून राहिले?”

“त्यायले समजलं नाही,” काकू म्हणाल्या.

नंतर तर्री पोह्यांची बशी हातात घेऊन तो कथेकरी माझ्याकडे आला. आजवर कितीतरी गावांत त्याने ही गोष्ट सांगितली होती, पण माणूस बुडाल्यावर पुढची रांग इतकी खूश झालेली त्याने पाहिली नव्हती. त्याचं कारण काय असावं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आमच्या भागात समुद्र नाही.

काकूंच्या गोष्टीत कोणी मरत नसे. उपाशीही राहत नसे. मंचावर कोणाचं काहीही होवो, काकूंकडे तो शेवटी घरी यायचा आणि जेवायचा. संगीताच्या दिवशीही त्या मागे हटायच्या नाहीत. मंगोलियाचा एक कलावंत आला होता, एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन स्वर काढणारा. खाली घोगरा, वर शिट्टीसारखा. जाणकार मंडळी डोळे मिटून बसली होती आणि काकू सांगत होत्या, “याच्या पोटात दुसरा माणूस बसला आहे. दोघं भांडून राहिले.”

“कायच्यावरून?”

“वावराच्या बांधावरून.”

काकाजी ओंडक्याच्या टोकावर सरकले. गाणं संपेपर्यंत त्यांच्या जिवाला घोर. शेवटी कलावंताने मान लववली, काकू म्हणाल्या, “मिटलं,” आणि काकाजींनी सुटल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

हळूहळू असं झालं की काकूंच्या मागच्या रांगेसाठी लोक लवकर यायला लागले. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर साडेपाचलाच येऊन ओंडक्यावर रुमाल टाकायचे. मंचावरच्या माणसाचा अपमान नको म्हणून नजर सगळ्यांची समोर, आणि कान काकूंकडे. हे काकाजींना कोणीही सांगितलं नाही. त्यांची खात्री होती की लोक जगभरचं संगीत ऐकायला येतात.

मी काकूंना एकदा विचारलं, तुम्ही शेवट का बदलता. त्या कोथिंबीर निवडत होत्या. “त्यायले ब्लडप्रेशर आहे वं,” म्हणाल्या. आणि पुढची काडी उचलून, “दिवसभर टीव्हीवर मरूनच राहिले न सारे. त्यायले आवाज येत नाही, पण दिसते त.”

मग दिवाळीत पुण्याहून त्यांचा मुलगा आला. एका शनिवारी मागे उभं राहून त्याने वडिलांना भर कार्यक्रमात “मंग त्या घोड्याचं काय झालं?” असं ओरडताना ऐकलं आणि तो लाजेने लाल झाला. मुलगा चांगला होता. बापाचं हसं होऊ नये, एवढीच त्याची इच्छा. पुढच्या खेपेला येताना तो कानाचं मशीन घेऊन आला. भारीतलं, दिसूही नये असं.

काकाजींनी ते घातलं आणि दोन दिवस घरात नुसता गोंधळ. चिवडा खाताना दचकून थांबले. “मी खातो तवा इतका आवाज येते?” गच्चीवर गेले आणि परत आले. “नागपूर इतकं ओरडते?” माइकवर तालीम करायला गेले, स्वतःचा आवाज ऐकला आणि मागे वळून पाहिलं, कोण ओरडतंय म्हणून. आणि संध्याकाळी काकू चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या हाताकडे बघत म्हणाले, “ह्या बांगड्या नव्या आहेत का?”

“लग्नातल्या आहेत जी,” काकू म्हणाल्या.

हे सगळं मला काकूंनीच सांगितलं, शनिवारी दुपारी, पोह्यांसाठी कांदा चिरताना. सांगताना हसल्या, आणि मग हसू गेलं. त्या शनिवारी पुण्याचे एक नावाजलेले कथाकथनकार येणार होते. मराठीत बोलणारे, स्वच्छ उच्चारांचे. मुलाने मुद्दाम तोच दिवस निवडला होता, बाबांना पहिल्यांदाच पूर्ण गोष्ट ऐकू येईल म्हणून.

“आता त्यायले समजन,” काकू म्हणाल्या.

“काय समजेल?”

“मी इतके वर्ष काय काय सांगतलं ते. खोटारडी म्हणतीन त म्हणू दे. पण मंग मी तिथी बसून काय करू, सांग बरं? बाजूनं बसते त काही कामानं बसते.”

मी उरलेले कांदे पुढे ओढले आणि चिरायला लागले. मला खरंच फार वाईट वाटत होतं, आणि त्यात माझाही स्वार्थ होता, कारण माझी जागा त्यांच्याच मागे होती.

संध्याकाळी शेड भरलं. काकाजींनी पुढच्या शनिवारचा कार्यक्रम सांगितला, तो पहिल्यांदाच हळू आवाजात, त्यामुळे कोणालाच ऐकू आला नाही. मग ते आपल्या जागी बसले. मुलगा उजवीकडे, काकू डावीकडे. काकूंनी हात मांडीवर एकात एक गुंतवून ठेवले होते.

पुण्याच्या पाहुण्यांनी गोष्ट सुरू केली. एक म्हातारा अंगणात आंब्याची कोय लावतो. लोक हसतात, तुझ्या हयातीत याला आंबा लागायचा नाही म्हणतात. म्हातारा पाणी घालत राहतो, म्हातारी सावलीत बसून राहते. काकू गप्प होत्या. दोन्ही रांगांना नाइलाजाने मंचाकडे लक्ष द्यावं लागलं. पोस्टवाले गृहस्थ माझ्या कानाशी लागून म्हणाले, “बाई, हा माणूस वाईट नाही सांगत हो.”

काकाजी ताठ बसून ऐकत होते. मुलगा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता, काकू कोणाकडेच बघत नव्हत्या. झाडाला मोहर आला. पहिला आंबा धरला. आणि पाहुण्यांनी आवाज खाली आणला. तो आंबा पिकला त्याच पहाटे म्हातारा गेला. पावसाचे दिवस, कोरडं लाकूड कुठेच नाही. पुतण्यांनी अंगणातलं तेच झाड तोडलं आणि त्याच लाकडावर म्हाताऱ्याला ठेवलं. म्हातारी पिकलेला आंबा हातात घेऊन बघत राहिली. पाहुणे थांबले. टाळ्या वाजवायचंही कोणाला भान नव्हतं.

काकाजींनी कानात बोट घातलं. मशीन काढलं, तळहातावर घेऊन पालथंउताणं करून पाहिलं, नखाने दाबलं, सवयीने वासही घेतला. मग ते त्यांनी मुलाच्या हातावर ठेवलं.

“खराब आहे,” ते आपल्या जुन्या आवाजात म्हणाले.

मुलगा घाबरला. “काय झालं बाबा? ऐकू नाही आलं?”

काकाजींनी त्याचे ओठ वाचले असावेत. “येते न. पण भलतंच येते. याच्यात माणसं मरून राहिले. आंबा कापून राहिले. ओला आंबा जळते का कधी? कंपनीले परत कर.”

आणि मुलाला पुढे काही बोलू न देता त्यांनी डावा कान काकूंकडे केला.

“सांग वं. म्हाताऱ्याचं काय झालं?”

काकू क्षणभर नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. मंचावर पुण्याचे पाहुणे माइक धरून उभेच होते. पोस्टवाले गृहस्थ पुढे सरकले, मी सरकले, आमच्या मागचीही रांग सरकली. काकूंनी पदर सावरला, घसा खाकरला, मेलेल्या म्हाताऱ्याला उठवलं, हातपाय धुवायला लावले आणि अंगणात, आंब्याच्या सावलीत, रसपोळीच्या ताटावर बसवलं.